डोंगरावरचे दुकान, संकेतस्थळावरचा गल्ला
यात्रेच्या गर्दीवर अवलंबून असलेल्या छोट्या विक्रेत्यांना ऑनलाइन विक्री केव्हा परवडते?

कोल्हापूर : चैत्र पौर्णिमेला सासनकाठ्या नाचू लागल्या, गुलालाने डोंगर न्हाऊन निघाला आणि ‘चांगभलं’चा गजर झाला, की वाडी रत्नागिरीतील दुकानदारांना श्वास घ्यायलाही उसंत नसते. गुलाल, खोबरे, दवणा, पेढे, देवाच्या तसबिरी यांची उलाढाल काही दिवसांत होऊन जाते. त्यानंतर आधार उरतो तो रविवारचा, पौर्णिमेचा, माघातील खेट्यांचा आणि श्रावणषष्ठीच्या यात्रेचा. एरवीच्या मंगळवारी-बुधवारी गल्ल्यात फारसे काही पडत नाही.

या अर्थव्यवस्थेचा कच्चा दुवा करोनाकाळात उघडा पडला. २०२० आणि २०२१ या दोन्ही वर्षी चैत्र यात्रा भाविकांविना, केवळ धार्मिक विधींपुरती झाली. २०२२ मध्ये यात्रा पुन्हा भरली; मात्र गिऱ्हाईक डोंगरावर आलेच नाही तर काय, हा प्रश्न कायम राहिला. जोतिबा हे महाराष्ट्रातील व कर्नाटकातील असंख्य कुटुंबांचे कुलदैवत. म्हणजे गिऱ्हाईक आहे. ते केवळ दूर आहे. छोट्या दुकानाचे संकेतस्थळ हे अंतर मिटवू शकते. पण संकेतस्थळ असणे वेगळे आणि त्यातून चार पैसे सुटणे वेगळे.

आधी हिशेब, मग संकेतस्थळ

एक कल्पित उदाहरण घेऊ. एका दुकानदाराने डोमेन, होस्टिंग आणि देखभालीवर वर्षाला १२ हजार रुपये खर्च केले. त्याच्याकडे ५०० रुपयांची मागणी आली. मालाची खरेदी २९० रुपये, खोका २५, कुरिअर ८५ आणि पेमेंट गेटवेचे दोन टक्के शुल्क करासह १२ रुपये. एकूण ४१२ रुपये वजा जाता हातात उरले ८८. या दराने संकेतस्थळाचा खर्च भरून निघण्यासाठी वर्षाला १३७ मागण्या हव्यात. महिन्याला साधारण बारा. नफा त्यानंतर सुरू होतो.

आता याच मागणीसाठी जाहिरातीवर ६० रुपये खर्च झाले असे धरू. उरतात २८ रुपये, आणि आवश्यक मागण्यांचा आकडा ४२९ वर जातो. त्यामुळे केवळ जाहिरातीच्या जोरावर गिऱ्हाईक आणणारे छोटे संकेतस्थळ बहुधा तोट्यातच चालते.

उलट, ग्राहकाने एकाच वेळी १,००० रुपयांचा माल घेतला तर? माल ५८०, खोका ३०, कुरिअर ११०, गेटवे २४. उरतात २५६ रुपये. विक्री दुप्पट, पण शिल्लक जवळजवळ तिप्पट. कारण खोका आणि कुरिअर यांचा खर्च मालाच्या प्रमाणात वाढत नाही. म्हणूनच सुटी वस्तू विकण्यापेक्षा ‘लग्नकार्यासाठी’, ‘जागरण-गोंधळासाठी’, ‘नवरात्रासाठी’ असा साहित्याचा एकत्रित संच मांडणे फायद्याचे ठरते.

दुसरी मागणी महत्त्वाची

कुलाचाराला पंचांग असते. ज्या घरी यंदा चैत्रात साहित्य गेले, त्या घरी पुढील चैत्रातही ते लागणार. पहिल्या मागणीबरोबर मिळालेला दूरध्वनी क्रमांक ग्राहकाच्या संमतीने जपून ठेवला आणि सणाच्या पंधरा दिवस आधी एक साधा संदेश पाठवला, तर दुसरी मागणी जाहिरातीवाचून येते. मोठ्या खरेदी-संकेतस्थळांवर कमिशन तर जातेच, शिवाय ग्राहक दुकानदाराचा न राहता त्या कंपनीचा होतो. स्वतःच्या संकेतस्थळाचे खरे मोल ग्राहकांच्या या यादीत आहे.

नवा ग्राहक आणण्याचाही एक बिनखर्ची मार्ग आहे. यंदाची यात्रा कोणत्या तारखेला, खेटे म्हणजे काय, पहिल्यांदा येणाऱ्याने काय आणावे, अशी माहिती भाविक मराठीतूनच शोधतात. तिची नेमकी उत्तरे देणारी पाने संकेतस्थळावर असली, तर वाचक आपोआप दुकानापर्यंत पोहोचतो. मात्र ही माहिती युनिकोड मराठीत टंकलेली हवी. सुंदर अक्षरांतील चित्र टाकले, तर शोधयंत्राला ते नीट वाचता येईलच असे नाही.

परतीचा माल

डोंगरावर येणारा प्रवासी गूळ आणि चपलाही नेतो. कोल्हापुरी गुळाला २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. कोल्हापुरी चपलेचे मानांकन कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातील चार जिल्ह्यांना मिळून आहे. जून २०२५ मध्ये मिलानमधील प्राडाच्या सादरीकरणात तशाच चपला दिसल्यानंतर या कारागिरीची जगभर चर्चा झाली.

तथापि, चप्पल ऑनलाइन विकणे अवघड. माप चुकले की माल परत. वरील उदाहरणात ‘घरपोच रोख’ पद्धतीने पाठवलेले पार्सल ग्राहकाने नाकारले, तर जाण्या-येण्याचे १७० आणि खोक्याचे २५ असे १९५ रुपये बुडतात. म्हणजे दोन यशस्वी मागण्यांच्या कमाईहून अधिक. पाऊल कागदावर ठेवून सेंटिमीटरमध्ये कसे मोजावे, हे चित्रासह दाखवणे आणि माल पाठवण्यापूर्वी एक फोन करणे हा त्यावरचा सर्वांत स्वस्त उपाय. आगाऊ पैसे देणाऱ्यास थोडी सवलत दिली तरी ती परवडते.

नियमांचे भान

खाद्यपदार्थ विकायचे तर अन्नसुरक्षा प्राधिकरणाची नोंदणी हवी. बंद पाकिटावर वजन, किंमत आणि उत्पादकाचा पत्ता छापणे बंधनकारक आहे. करपात्र माल राज्याबाहेर पाठवायचा असेल, तर उलाढाल कमी असली तरी सर्वसाधारणपणे जीएसटी नोंदणी लागते. काही हस्तकला वस्तूंना यात सवलत आहे. कर्नाटकातील भाविकांकडून मागणी घेण्यापूर्वी करसल्लागाराशी बोलणे म्हणूनच श्रेयस्कर.

शब्दांबाबतही सावधगिरी हवी. जानेवारी २०२४ मध्ये अॅमेझॉनवर ‘अयोध्या राममंदिराचा प्रसाद’ या नावाने मिठाई विकली जात असल्याबद्दल केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने त्या कंपनीला नोटीस बजावली होती. दुकानातून निघालेला पेढा देवासमोर ठेवलेला नसेल, तर त्याला ‘प्रसाद’ न म्हणता ‘पेढे’च म्हणावे. ग्राहक श्रद्धेपोटी पैसे मोजतो. तेथे एकदा फसगत झाली, की तो पुन्हा फिरकत नाही.

सुरुवात कशी करावी?

पहिल्या दिवशी पन्नास वस्तू मांडण्याची गरज नाही. न मोडणाऱ्या, न नासणाऱ्या आणि वजनाला हलक्या चार-पाच वस्तू, त्यांची स्वच्छ छायाचित्रे, पोहोच-खर्चासह स्पष्ट किंमत, दुकानाचा पूर्ण पत्ता आणि फोन उचलणारा माणूस एवढे भांडवल पुरेसे आहे. पहिले सहा महिने प्रत्येक मागणीमागे किती उरले, याची वही ठेवावी. ज्या वस्तूवर काही उरत नाही ती काढून टाकावी. यात्रेच्या आठवड्यात पार्सले बांधायला माणूस नसेल, तर तेवढे दिवस ऑनलाइन मागण्या घेणे थांबवल्याचे ग्राहकाला आधीच कळवावे.

यात्रेच्या गर्दीची जागा संकेतस्थळ घेणार नाही, आणि तशी अपेक्षाही चुकीची आहे. पण दोन यात्रांच्या मधल्या रिकाम्या दिवसांत रोज दोन पार्सले बांधली गेली, तरी उदाहरणातल्या दराने देखभालीचा खर्च अडीच महिन्यांच्या आत निघतो. पुढची कमाई दुकानदाराची.