अंगठ्याच्या दुखण्याला स्प्लिंटचा आधार

बरणीचे झाकण उघडताना, धुतलेला कपडा पिळताना किंवा कुलपात किल्ली फिरवताना अंगठ्याच्या मुळाशी कळ येते. पन्नाशीच्या आसपास, विशेषतः रजोनिवृत्तीनंतर महिलांमध्ये ही तक्रार अधिक आढळते. ‘काम जास्त झाले असेल’ म्हणून मलम चोळले जाते आणि हळूहळू हातातून वस्तू निसटू लागतात. अनेकदा यामागे अंगठ्याच्या मुळाच्या सांध्याची झीज, म्हणजेच ऑस्टिओआर्थ्रायटिस असतो.

हा सांधा घोड्याच्या खोगिरासारखा असतो. त्यामुळेच अंगठा इतर बोटांसमोर येऊन वस्तू पकडू शकतो. मात्र चिमटीत काही धरताना टोकाशी लावलेला जोर मुळाशी कितीतरी पटींनी वाढतो. टोकाशी १ किलोचा दाब असेल, तर मुळाच्या सांध्यावर सुमारे १२ किलोंचा भार येतो, असे मानले जाते. कूर्चा झिजली आणि अस्थिबंध सैल झाले, की हा भार सोसवत नाही.

स्प्लिंट येथे बाहेरून आधार देतो. अंगठ्याचा मुळाचा सांधा योग्य स्थितीत राहतो, नको ती हालचाल थांबते आणि वेदना कमी होते. कापडी किंवा निओप्रिनचा मऊ स्प्लिंट कामे करताना सोयीचा पडतो. गरम करून हाताच्या मापाने बनवलेला प्लॅस्टिकचा स्प्लिंट अधिक घट्ट आधार देतो. काही स्प्लिंट फक्त तळव्यापुरते असतात, तर काही मनगटही धरतात.

फायदा किती? फ्रान्समधील ११२ रुग्णांच्या अभ्यासात रात्री स्प्लिंट वापरणाऱ्यांना महिन्याभरात विशेष फरक जाणवला नाही; वर्षभराने मात्र त्यांची वेदना कमी झाली होती. याउलट, ब्रिटनमधील ३४९ रुग्णांच्या अभ्यासात व्यायाम व माहितीच्या जोडीला दिलेला खरा स्प्लिंट नकली स्प्लिंटपेक्षा सरस ठरला नाही; तिन्ही गटांतील रुग्णांना बरे वाटले. तरीही युरोप व अमेरिकेतील संधिवाततज्ज्ञांच्या संघटना या दुखण्यात स्प्लिंट सुचवतात. युरोपच्या शिफारशींत तो दीर्घकाळ वापरण्यावर भर आहे. म्हणजेच चार दिवसांत गुण आला नाही म्हणून तो कपाटात टाकू नये. पण व्यायामाला फाटाही देऊ नये.

स्प्लिंट व्यवसायोपचार तज्ज्ञ किंवा फिजिओथेरपिस्टच्या सल्ल्याने निवडावा. बोटांना मुंग्या आल्या, रंग बदलला किंवा त्वचा लाल झाली, तर तो काढून माप तपासून घ्यावे. दिवसभर हात जखडून ठेवल्यास स्नायू दुबळे होतात. म्हणून त्रास देणाऱ्या कामांपुरता किंवा रात्री, सांगितल्याप्रमाणे वापरावा. सोबत जाड मुठीचे चाकू-चमचे वापरावेत, जड भांडे दोन्ही हातांनी उचलावे आणि मोबाइलवर एकाच अंगठ्याने तासन्‌तास टाइप करणे टाळावे.

अंगठ्याचे प्रत्येक दुखणे झिजेचेच नसते. बोटे बधिर होणे, मनगटाच्या बाजूला कळ येणे किंवा सकाळी अनेक सांधे बराच वेळ आखडणे ही वेगळ्या आजारांची लक्षणे असू शकतात. त्यामुळे आधी निदान करून घ्यावे. स्प्लिंटने झिजलेली कूर्चा भरून येत नाही. पण पोळी लाटणे, लिहिणे, बटण लावणे यांसारखी रोजची कामे सुसह्य होऊ शकतात.