श्वानांची पैदास आणि खुब्यांची क्ष-किरणपरीक्षा

जातिवंत कुत्र्याची पारख करतांना मनुष्य प्रथम पाहतो तें त्याचें रूप. डोक्याची ठेवण, केसांची झळाळी, छातीची रुंदी, चालण्यांतील ऐट आणि वंशावळींतील नामांकित पूर्वज, एवढें जुळून आलें कीं तो नर अथवा ती मादी पैदाशीस उत्तम, असें ठरून जातें. परंतु मागच्या धडाचा सारा भार ज्या सांध्यांवर तोलला जातो, ते सांधे मांसपेशींच्या जाड आवरणाखालीं झांकलेले असतात. तेथें दोष असूनही दोन वर्षांचें तरणें कुत्रें मजेनें धांवत असतें. आणि तोच दोष त्याच्या कांहीं पिल्लांना जन्मभर लंगडें करून ठेवतो.

हा दोष म्हणजे खुब्याच्या सांध्याची सदोष घडण होय. पशुवैद्यकांत त्यास हिप डिस्प्लेशिया म्हणतात. श्नेल ह्या अमेरिकन पशुवैद्यानें १९३५ सालीं त्याचें वर्णन प्रसिद्ध केलें. खुबा हा उखळीचा सांधा आहे. कमरेच्या हाडांत एक वाटी असते, आणि मांडीच्या हाडाचें गोल डोकें तींत बसून फिरतें. उत्तम सांध्यांत हें डोकें खोल व घट्ट बसलेलें असतें. ज्या पिल्लाला पुढें हा विकार व्हावयाचा, त्याचाही सांधा जन्मतः बहुधा निर्दोषच दिसतो. मग पहिल्या कांहीं महिन्यांत सांध्याचे बंध सैल पडतात, डोकें वाटींतून बाहेर सरकूं लागतें, वाटी उथळ होते, डोकें चपटें होतें, कूर्चा झिजते, आणि कडांवर नवें हाड चढून संधिवात जडतो. उठतांना कष्ट होणें, जिन्याशीं अडणें, सशाप्रमाणें दोन्ही मागचे पाय एकदम टाकून धांवणें, हीं त्याचीं लक्षणें. कित्येकदां तीं उतारवयापर्यंत प्रकटच होत नाहींत. तोंवर त्या मादीच्या तीन चार विणी होऊन गेलेल्या असतात. म्हणूनच परीक्षा पैदाशीच्या आधीं व्हावी लागते.

क्ष-किरणचित्र घेण्याची रीत मोठ्या काटेकोरपणाची आहे. कुत्र्यास भूल किंवा गुंगीचें औषध देऊन उताणें निजवितात. मागचे दोन्ही पाय सरळ ताणून समांतर ठेवतात, आणि गुडघ्याच्या वाट्या बरोबर मध्यावर येतील इतके पाय आंतल्या बाजूस वळवितात. कंबर जराशी कलली तरी एक वाटी आहे त्याहून खोल व दुसरी उथळ भासते, आणि निकाल फसतो. कुत्र्याचा ओळखक्रमांक, तारीख आणि डावी-उजवी बाजू यांची खूण चित्रावरच उमटलेली असावी लागते. नाहीं तर एकाचें चित्र दुसऱ्याच्या नांवावर खपूं शकेल. माजावर असलेल्या अथवा नुकत्याच व्यालेल्या मादीचे सांधे अंतःस्रावांमुळें सैल दिसण्याचा संभव असतो. म्हणून तिचें चित्र कांहीं आठवडे थांबून घेणें इष्ट.

चित्र पाहून निर्णय देण्याच्या पद्धति देशोदेशीं निरनिराळ्या आहेत. अमेरिकेंत १९६६ सालीं स्थापन झालेली ऑर्थोपेडिक फाउंडेशन फॉर ॲनिमल्स ही संस्था चोवीस महिने पुरे झालेल्या कुत्र्यालाच कायमचें प्रमाणपत्र देते. तीन तज्ज्ञ स्वतंत्रपणें चित्र पाहतात, आणि उत्कृष्टापासून तीव्र दोषापर्यंत सात श्रेणींपैकीं एक ठरते. ब्रिटनमध्यें पशुवैद्यांची संघटना व केनेल क्लब यांच्या योजनेंत प्रत्येक खुब्याच्या नऊ अंगांना गुण देतात. हे गुण दोषाचे असल्यामुळें शून्य सर्वांत चांगलें. एका खुब्याचे जास्तींत जास्त ५३, दोहोंचे मिळून १०६. तेथें कुत्रें निदान एक वर्षाचें असावें लागतें. युरोपांतील अनेक देशांत ए पासून ई पर्यंत पांच वर्ग मानतात. तेथें नॉरबर्ग कोनाला महत्त्व आहे. दोन्ही डोक्यांचे मध्यबिंदु जोडणारी एक रेघ, आणि त्याच मध्यबिंदूपासून वाटीच्या पुढील कडेपर्यंत दुसरी रेघ काढली असतां होणारा हा कोन १०५ अंश वा अधिक असला, तर डोकें वाटींत नीट बसलें आहे असें सामान्यतः समजतात.

ह्या सर्व पद्धतींत पाय ताणलेले असल्यामुळें सांध्याचा सैलपणा कांहीं अंशीं लपतो. पेनसिल्व्हानिया विद्यापीठांत विकसित झालेल्या पेनहिप पद्धतींत डोकें वाटींत दाबून एक आणि बाहेरच्या बाजूस ओढून एक, अशीं वेगळीं चित्रें घेतात, व तें किती सरकलें याचें माप काढतात. हें माप ०·३० किंवा त्याहून कमी असल्यास पुढें संधिवात होण्याचा संभव फार थोडा. ही परीक्षा सोळा आठवड्यांच्या पिल्लावरही करतां येते, हा तिचा मोठा लाभ.

तरीपण चित्र दाखवितें तें हाड, बीज नव्हे. हा विकार एका जनुकाचा नसून अनेक जनुकांचा आहे, आणि त्यांत संगोपनाचाही वांटा आहे. लॅब्राडोर कुत्र्यांच्या २४ जोड्यांवर अमेरिकेंत एक दीर्घ प्रयोग झाला. प्रत्येक जोडींतील एकास दुसऱ्यापेक्षां २५ टक्के कमी अन्न मिळे. कमी खाणाऱ्यांत खुब्याचा दोष पुष्कळ कमी आढळला, आणि २००२ सालीं प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार त्यांचें मध्यम आयुष्य सुमारें १·८ वर्षांनीं अधिक भरलें. पिल्लूं गुबगुबीत असावें ही हौस अशी महागांत पडते. उलट, उत्तम आहारानें वाढलेल्या कुत्र्याचें चित्र निर्दोष येऊनही त्याच्या बीजांत दोष दडलेला असूं शकतो.

म्हणून जाणता पैदासकार एका चित्रावर विसंबत नाहीं. तो त्या कुत्र्याच्या आईबापांचे, भावंडांचे आणि आधींच्या पिल्लांचेही निकाल पाहतो. भावंडें सदोष निघालेल्या निर्दोष नरापेक्षां, सगळीं भावंडें बरीं असलेला मध्यम नर पुष्कळदां अधिक भरंवशाचा ठरतो. येथेंच एक नैतिक प्रश्न उद्भवतो. वाईट आलेलें चित्र मालकानें पेटींत ठेवून दिलें आणि चांगलें तेवढें संस्थेकडे धाडलें, तर जातीची नोंद खरी राहत नाहीं, आणि तिच्यावर विसंबणारा प्रत्येकजण फसतो. दुसरें टोंकही टाळावयास हवें. केवळ सर्वोत्कृष्ट थोड्या नरांचाच उपयोग केला तर रक्त फार जवळचें होतें व दुसरे दोष डोकें वर काढतात. स्वभाव, डोळे, हृदय हींही पाहावींच लागतात. यासाठीं जातीच्या मध्यम गुणांहून बरा असलेला जोडीदार निवडून पिढीपिढीनें सुधारणा करणें, हाच शहाणपणाचा मार्ग.

मुंबई-पुण्याकडे लॅब्राडोर व जर्मन शेफर्ड हीं कुत्रीं घरोघर दिसतात, आणि दोन्ही जातींना ह्या विकाराचा उपद्रव आहे. पिल्लूं विकत घेणारानें आईबापांच्या खुब्यांचे निकाल मागितले, तर पैदासकारालाही ते मिळविणें भाग पडेल. परीक्षेचा खर्च मालकास एकदांच सोसावा लागतो. ती टाळली तर त्याची भरपाई मुक्या जीवाला आपल्या वेदनेनें आयुष्यभर करावी लागते.