मोठ्या कोंबडीचं घर: मे महिन्याच्या हिशेबानं

गेल्या आठवड्यात जाती निवडून झाल्या. गिरिराज, वनराज, असील किंवा हौसेची ब्रह्मा ठरली की पुढचा प्रश्न हमखास येतो: एका पक्ष्याला किती चौरस फूट जागा? आकडा खाली देतोच. पण जळगाव-धुळ्यात त्याआधी दोन गोष्टींचा विचार करावा लागतो. एक मे महिना, दुसरी काळी माती.

गावरान कोंबडी सव्वा-दीड किलोची असते. गिरिराज किंवा वनराजचा पूर्ण वाढलेला कोंबडा साडेतीन-चार किलोंवर जातो आणि चांगला असील त्याच्याही पुढे. वजन तिप्पट झालं तरी अंगाचा पृष्ठभाग साधारण दुपटीनंच वाढतो. म्हणजे आत उष्णता जास्त तयार होते आणि तिला बाहेर पडायला जागा त्या मानानं कमी मिळते. कोंबडीला घाम येत नाही. चोच उघडून धापा टाकणं, पंख अंगापासून दूर धरणं आणि तुरा-गलोलातून उष्णता सोडणं एवढंच तिच्या हाती असतं. हवा पस्तीस अंशांच्या वर गेली की हे उपाय अपुरे पडू लागतात, आणि आपल्याकडे भुसावळ-जळगावचा पारा मेमध्ये पंचेचाळीसच्या आसपास असतो. हलकी गावरान कोंबडी झाडाखाली कशीबशी दुपार काढते. भारी कोंबडा तिथंच बसल्या जागी मरतो. म्हणून चहूबाजूंनी फळ्या ठोकलेली, एवढीशी खिडकी असलेली ती देखणी लाकडी घरं बघून भुलू नका. ती बर्फाच्या मुलखासाठी आहेत, इथं त्यांची भट्टी होते.

शेड पूर्व-पश्चिम लांब बांधा. पूर्व आणि पश्चिमेच्या अरुंद बाजूंना पूर्ण भिंत, उत्तर-दक्षिणेला फूट-दीड फूट भिंत आणि वर जाळी. तिरप्या उन्हाचा मारा त्यामुळे भिंतीवर जातो, पक्ष्यांवर येत नाही. मेच्या अखेरीस मात्र दुपारी सूर्य आपल्या बरोबर डोक्यावर असतो, तेव्हा खरी कसोटी छपराची. आपली जुनी धाब्याची घरं उन्हाळ्यात गार राहतात, कारण वर मातीचा जाड थर असतो. नुसता पत्रा ऊन तसंच खाली सोडतो. पत्रा वापरायचाच असेल तर मध्यावर दहा फूट आणि कडेला सात फूट तरी उंची ठेवा, कडा तीन फूट बाहेर काढा, वरून चुन्याचा पांढरा हात द्या आणि उन्हाळ्यात उसाचं पाचट किंवा तुरकाठ्या पसरून त्यावर पाणी मारा. छपरावर पऱ्हाटी टाकू नका. साठवलेल्या पऱ्हाटीत गुलाबी बोंडअळी टिकून राहते आणि पुढच्या हंगामात ती आपल्याच कपाशीवर येते.

आता जागेचा आकडा. भारी पक्ष्याला शेडमध्ये चार चौरस फूट आणि बाहेर मोकळी जागा पंधरा ते वीस चौरस फूट धरावी. वीस पक्ष्यांना आठ बाय दहाची शेड आणि वीस बाय वीसचं अंगण झालं. हे अंगण मधोमध जाळीनं दोन भागांत तोडून आलटून-पालटून वापरलं तर एका भागातली जमीन सुकते आणि गवत पुन्हा धरतं. असीलच्या दोन कोंबड्यांना कितीही जागा दिली तरी ते एकमेकांना सोडत नाहीत. त्यांच्यामध्ये जाळी नको, आडोसा हवा. एकमेकांना दिसतच नाहीत असं करावं.

रात्री बसायचा दांडा फूट-दीड फुटापेक्षा उंच नको. चार किलोचा पक्षी रोज पहाटे चार फुटांवरून उडी मारत राहिला की तळपायाला गाठ येते, तिचं गळू होतं आणि तो लंगडू लागतो. दांडा तीन इंच रुंद, कडा घासून गोल केलेला, आणि सगळे दांडे एकाच उंचीवर असावेत, नाहीतर वरच्या जागेसाठी रोज मारामारी होते. अंडी घालायची पेटी गावरान कोंबडीला एक फुटाची पुरते, हिला सव्वा फुटाची लागते.

मातीकडे लोक सगळ्यात कमी लक्ष देतात. तापीकाठची काळी जमीन कपाशीला आणि केळीला सोनं आहे, कोंबडीच्या अंगणाला मात्र ती वाईट. पावसाळ्यात तिचा चिखल नखांना चिकटतो, वाळून त्याचे खडे होतात. ब्रह्मा आणि कोचीनच्या तर बोटांपर्यंत पिसं असतात. तिथं चिखल अडकला की पाय दिवसभर ओला राहतो. उन्हाळ्यात त्याच जमिनीला भेगा पडतात आणि उंदीर, विंचू, साप त्यांत आसरा घेतात. म्हणून अंगणात सहा इंच मुरूम अंथरून दाबून घ्या, उतार शेडपासून दूर काढा. शेडच्या दाराशी वाळूचा पट्टा टाका. साक्रीच्या डोंगराळ पट्ट्यात किंवा सातपुड्याच्या पायथ्याशी जमीन मुळातच हलकी असते, तिथं हा खर्च वाचतो.

पश्चिमेच्या बाजूनं, केळीच्या बागेभोवती लावतो तशी शेवरी किंवा गजराज गवत लावा. बागेला झळांपासून जे संरक्षण मिळतं तेच अंगणालाही मिळेल. मधे एखादा शेवगा किंवा कडुनिंब असला तर उत्तम.

जाळीत काटकसर करू नये. षटकोनी डोळ्यांची पातळ जाळी पिल्लं आत ठेवते, पण कुत्रं आणि रानमांजर ती फाडतात. मुंगसाला अडवायचं तर खालचे दोन फूट अर्ध्या इंची वेल्डमेश लावून ती फूटभर जमिनीत गाडावी. अंगणावरही जाळी ताणावी, आणि दाणापाणी नेहमी छपराखालीच ठेवावं, म्हणजे बगळे-कावळे भांड्यांपर्यंत येत नाहीत. फेब्रुवारी २००६ मध्ये देशातला पहिला बर्ड फ्लू आपल्या शेजारच्या नवापूरला आढळला आणि पुढच्याच महिन्यात जळगाव जिल्ह्यातल्या काही गावांत परसातल्या कोंबड्यांपर्यंत पोचला. २०२१ मध्ये नवापूरला तो पुन्हा आला. हा रोग रानपक्ष्यांबरोबर आणि त्यांच्या विष्ठेतून येऊ शकतो, त्यामुळे परसातल्या दहा कोंबड्यांनाही ही काळजी हवी.

थंडीचं फार मनावर घेऊ नका. धुळ्यात डिसेंबर-जानेवारीत पारा सहा-सात अंशांवर उतरतो, तेव्हा उत्तरेच्या जाळीला रात्री गोणपाट लावलं की भारी पक्ष्यांना पुरतं. फक्त वरचा हातभर भाग उघडा ठेवा. आत कोंडलेला अमोनिया थंडीपेक्षा जास्त घात करतो. तो आहे का हे उभ्यानं कळत नाही, पहाटे पक्ष्याच्या उंचीवर वाकून वास घ्यावा लागतो.

पुढच्या आठवड्यात जमिनीवरच्या गादीबद्दल: भाताचा तूस इथं महाग पडतो, मग शेंगांची टरफलं आणि लाकडाचा भुसा कसा वापरायचा, ते पाहू.