मास्तर गावात राहत होते तोवर

मार्च १९७५ मध्ये महाराष्ट्रात नव्या आकृतिबंधाची दहावीची पहिली परीक्षा झाली. २०२५ मध्ये त्या गोष्टीला पन्नास वर्षे पूर्ण झाली. भंडारा जिल्ह्यातल्या खेड्यांना या पन्नाशीची आठवणही झाली नाही, कारण तिथे वेगळीच धास्ती होती. १५ मार्च २०२४ च्या शासन निर्णयाने संचमान्यतेचे, म्हणजे शाळेला किती शिक्षकपदे मिळतील ते ठरवण्याचे, निकष बदलले. वीसपेक्षा कमी पट असलेल्या वर्गांवर शिक्षकाचे पदच उरणार नाही, असा त्याचा अर्थ निघाला आणि राज्यभरच्या शिक्षक संघटनांनी विरोध सुरू केला. त्याआधी २०२३ मध्ये कमी पटाच्या शाळा एकत्र करून 'समूह शाळा' काढण्याचा घाट घातला गेला होताच. मंत्रालयात हा हिशेब आकड्यांचा असेल. साकोली तालुक्यातल्या एकोडीसारख्या गावात तो पोरींच्या शिक्षणाचा आहे, कारण गावातली दहावी गेली की पहिल्यांदा घरी बसते ती पोरगी.

माझे हायस्कूल एकोडीचे. म्हणून गावातल्या शिक्षणाचा हा मागोवा घेताना मी तटस्थ नाही आणि तसे दाखवणारही नाही.

सुरुवातीची वर्षे भराभर सांगून टाकतो. आमच्या वडिलांच्या पिढीला मॅट्रिक व्हायचे तर भंडारा गाठावे लागे. ज्याचे नातलग तिथे होते तो शिकला, बाकीच्यांनी धानाची बांधी धरली. १९४८ मध्ये मध्यप्रांतात जनपद सभा आल्या, १९६२ मध्ये जिल्हा परिषदा आल्या आणि त्यांनी मोठ्या गावांत शाळा काढल्या. १९५८ मध्ये मनोहरभाई पटेलांनी गोंदिया एज्युकेशन सोसायटी स्थापन केली. गोंदिया तेव्हा आमच्याच जिल्ह्यात होते, वेगळे झाले ते १ मे १९९९ ला. त्या संस्थेची हायस्कुले आणि महाविद्यालये धानाच्या या पट्ट्यात उभी राहिली. यशवंतराव चव्हाणांच्या सरकारने आर्थिकदृष्ट्या मागासांसाठी ई.बी.सी. सवलत दिली आणि बाराशे रुपयांच्या आत वार्षिक उत्पन्न असलेल्या घरातल्या मुलाची फी माफ झाली. इमारत आली, फी गेली. राहिला होता तो शिकवणारा माणूस. तो आला सत्तरच्या दशकात, आणि मला सांगायचे आहे ते त्याच दशकाबद्दल.

१९७६ मध्ये मी आठवीत गेलो. आमचे बहुतेक शिक्षक बाहेरगावचे होते. कोणी वऱ्हाडातून आलेले, कोणी नागपूरहून, कोणी वर्धेकडचे. बी.एड. होऊन नोकरीच्या शोधात निघालेली तिशीच्या आतली माणसे. साकोलीहून रोज ये-जा करावी इतक्या एस.टी. गाड्या नव्हत्या आणि मोटारसायकल परवडणारी नव्हती, म्हणून ते गावातच राहिले. कौलारू घरातली एक खोली, बाजेवर वळकटी, कोनाड्यात पुस्तके, खुंटीला छत्री. पोळी खाणारी ही माणसे दोन वेळा भात खायला शिकली. दिवाळीनंतर मंडईची जत्रा भरली की दंडारीचा खेळ पाहायला आमच्या शेजारी बसली. आमचे विज्ञानाचे सर उत्तम पेटी वाजवत. गावातल्या मंडळींनी नाटक बसवायला घेतले की रात्री ते तालमीत असत आणि सकाळी प्रार्थनेला आमच्यासमोर उभे. झोप झाली नाही म्हणून तास बुडवला, असे कधी घडले नाही.

मास्तर गावात राहतो तेव्हा काय होते, हे आज समजावून सांगावे लागते. धानाच्या रोवणीच्या दिवसांत वर्ग अर्धा रिकामा व्हायचा. पऱ्हे उपटायला, पेंढ्या वाहायला घरातला प्रत्येक हात लागे. हजेरीत गैरहजेरीच्या खुणा वाढल्या की गणिताचे सर सायकल काढून शेताच्या धुऱ्यावर हजर. एकदा ते आमच्याच बांधीवर आले. पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली, चपला हातात. माझे वडील चिखलातूनच म्हणाले, "गुरुजी, रोवना आटपला की पाठवतो पोट्ट्याले." सरांनी उपदेश केला नाही. "भाऊ, सकाळचा वेळ तुमचा. दोन वाजता मात्र त्याला माझ्याकडे सोडा, राहिलेला भाग मी संध्याकाळी घेतो," एवढेच म्हणाले. तेव्हा नव्या अभ्यासक्रमातल्या गणितात संच आले होते, घरी समजावणारे कोणी नव्हते. रोवणी संपेपर्यंत आम्ही चार-पाच पोरे संध्याकाळी त्यांच्या खोलीवर जात होतो. हाता-पायाला चिखल तसाच असायचा. त्यांनी त्याचे पैसे घेतले नाहीत आणि कोणी ते देऊही केले नाहीत. शिकवणीला पैसे असतात हे आम्हाला ठाऊकच नव्हते.

दहावीच्या वर्षी थंडी पडली की रात्रीचा अभ्यास सुरू होई. मुले जेवून शाळेत झोपायला येत. प्रत्येकाचा आपला कंदील, घरून आणलेले घोंगडे आणि रॉकेलची बाटली. रॉकेल रेशनचे, म्हणून दोघांत एक कंदील पेटवायचा असा नियम इंग्रजीच्या सरांनीच घालून दिला होता. पहाटे चारला तेच बॅटरी घेऊन येत आणि एकेकाच्या अंगावरचे घोंगडे ओढत. मुली रात्री येऊ शकत नव्हत्या. त्यांच्यासाठी मराठीच्या बाई रविवारी आपल्या घरी वर्ग घेत. आमच्या वर्गातल्या एका मुलीचे लग्न नववीतच ठरू लागले, तेव्हा बाई तिच्या घरी जाऊन आजीजवळ बसल्या. पहिल्यांदा चहा घेऊन परत आल्या, दुसऱ्यांदाही तसेच. तिसऱ्या खेपेला लग्न दहावीपर्यंत लांबले. ती मुलगी पुढे डी.एड. होऊन शिक्षिका झाली. बाई दुपारच्या एस.टी.ने साकोलीला परतणाऱ्या असत्या तर त्या आजीजवळ कोण बसले असते?

शाळेच्या बाहेरही ही माणसे गावाच्या कामी आली. उत्पन्नाच्या दाखल्याचा अर्ज, सोसायटीच्या कर्जाचे कागद, फौजेतल्या पोराला पत्र, सारे मास्तरांच्या खोलीवर लिहून होई. वर्गात सगळ्या जातींची मुले होती. बाबासाहेब आंबेडकरांनी १९५४ मध्ये भंडाऱ्याची लोकसभा पोटनिवडणूक लढवली, तेव्हा त्यांच्या सभांना गेलेल्या बापांची पोरे आमच्या बाकावर होती. या बापांनी पोराला रोवणीलाही घरी ठेवले नाही. अंगावर धड सदरा नसे, पण पोरगा शाळेत असे. मास्तरांना त्यांच्याकडे जाऊन कधी काही सांगावे लागले नाही.

आता एक जुना हिशेब. १४ डिसेंबर १९७७ ला राज्य सरकारी कर्मचाऱ्यांचा संप सुरू झाला. केंद्राप्रमाणे महागाई भत्ता मिळावा ही मागणी होती. शिक्षकही त्यात उतरले. ५४ दिवस तो चालला. मी नववीत होतो. पारावर तेव्हा जे बोलले गेले ते मला अजून बोचते. "मास्तर पोटासाठी पोरांचे वाटोळे करतात," असे म्हणणाऱ्यांत ज्यांचे अर्ज मास्तरांनी फुकट लिहून दिले होते तेही होते. त्या ५४ दिवसांत शाळेला कुलूप होते, पण दहावीची पोरे रोज कोणा ना कोणा सरांच्या खोलीवर बसत होती. ज्यांना पगार नव्हता, किराणा उधारीवर चालला होता, ते शिकवत होते. गावाने त्याबद्दल पुढे कधी चांगला शब्द काढला नाही, म्हणून तो मी इथे लिहून ठेवतो. शिक्षकाने पोटभर पगार मागणे यात तेव्हाही काही चूक नव्हते, आजही नाही.

दुसरा हिशेब माझ्याच पिढीशी आहे. "आम्ही मार खाल्ला म्हणून शिकलो," असे आमच्या वयाची माणसे छाती फुगवून सांगतात. हे खोटे आहे. त्या काळच्या शाळांत छडी होती, आणि तिच्या भीतीने कायमची शाळा सोडलेली पोरे माझ्या ओळखीची आहेत. त्यांची गोष्ट कोणी सांगत नाही, कारण ती पोरे मंचावर नसतात. आम्ही शिकलो ते धुऱ्यावर आलेल्या सरांमुळे आणि आजीजवळ बसलेल्या बाईंमुळे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने मारहाणीला बंदी घातली हे उत्तम झाले. त्याने शाळा बिघडल्या असे जे म्हणतात त्यांनी खरे कारण शोधण्याचे कष्ट घेतलेले नाहीत.

खरे कारण १९८० नंतरच्या वीस-पंचवीस वर्षांत आहे. त्या वर्षांत मला रस वाटावा असे थोडेच घडले, म्हणून थोडक्यात सांगतो. १९७७ चा खासगी शाळा कर्मचारी कायदा १९८१ मध्ये अमलात आला आणि संस्थाचालकाच्या मर्जीवर जाणारी नोकरी सुरक्षित झाली. हे हक्काचे होते. पण नोकरी पक्की झाली तशी तिची किंमतही ठरू लागली. बी.एड. झाल्यावर मी स्वतः जिल्ह्यातल्या एका संस्थेत मुलाखतीला गेलो होतो. माझे प्रमाणपत्र कोणी उघडून पाहिले नाही, शेत किती आहे ते विचारले. मी तिथून उठलो आणि दुसरा धंदा धरला. माझ्याबरोबरच्या काहींनी शेत विकले. शेत विकून वर्गात उभा राहिलेला तरुण आधी कर्ज फेडतो, मग शिकवतो, आणि याचा दोष त्याला एकट्याला देता येत नाही.

त्यानंतर सरकारने हात आखडला. २००० मध्ये शिक्षणसेवक आले, म्हणजे पहिली तीन वर्षे तुटपुंजे मानधन. २००१ मध्ये नव्या शाळांना 'कायम विनाअनुदानित' असे ठरवून टाकले गेले. १ नोव्हेंबर २००५ पासून नव्या लोकांची जुनी पेन्शन गेली. २०१२ पासून भरती जवळपास थांबली आणि पुढे भरतीच्या पवित्र पोर्टलची वाट पाहण्यात डी.एड., बी.एड. झालेल्यांची उमेदीची वर्षे गेली. जे शिक्षक शाळेत आहेत त्यांच्यामागे यू-डायस, सरल, अपार आयडी अशा ऑनलाइन माहितीच्या आणि शालेय पोषण आहाराच्या नोंदी. रस्ते झाले, गाड्या आल्या, स्वतःच्या मुलांसाठी इंग्रजी शाळा हवी झाली आणि मास्तर साकोलीला किंवा भंडाऱ्याला राहायला गेले. २०२२ मध्ये विधानसभेत शिक्षकांच्या मुख्यालयी, म्हणजे नेमणुकीच्या गावी, राहण्यावरून आणि घरभाडे भत्त्यावरून वाद झाला. तिथे शिक्षकांवर ताशेरे ओढले गेले. पण ज्या गावात पावसात गळणार नाही अशी भाड्याची खोली मिळत नाही, तिथे बाईंनी राहायचे कुठे?

आणि आपणही काही कमी केले नाही. गावात सकाळी पिवळी व्हॅन येऊ लागली. ज्यांच्याकडे दोन पैसे होते त्यांनी पोरांना तिच्यात बसवून दूरच्या इंग्रजी शाळेत पाठवले. बाप सरपंच असो की सोसायटीचा अध्यक्ष, त्याचे पोर गावच्या शाळेत नसेल तर शाळेतल्या रिकाम्या खुर्चीबद्दल तो कशाला भांडेल? पट असा घटला, आणि आता त्याच घटलेल्या पटाचे कारण दाखवून शिक्षकाचे पद काढले जात आहे. शासनाने १९९६ पासून अहिल्याबाई होळकर योजनेत मुलींना एस.टी.चा मोफत पास दिला, ती चांगली योजना आहे. पण पास हातात असून गाडी वेळेवर नसेल तर पावसाळ्यातल्या अंधारात रस्त्याच्या कडेला उभ्या पोरीला तो पास घरी पोहोचवत नाही. नववी-दहावी गावात असणे याला दुसरा पर्याय नाही.

आमच्या हायस्कुलातल्या बहुतेक सरांनी जगाचा निरोप घेतला आहे. अलीकडे माजी विद्यार्थ्यांचे मेळावे होतात. मंडप पडतो, शाल-श्रीफळ दिले जाते, सगळ्यांचे डोळे भरून येतात. त्यात काही वाईट नाही. पण तिथे येणाऱ्या प्रत्येकाला माझी विनंती आहे. शाळेच्या कार्यालयात जाऊन या वर्षीच्या संचमान्यतेचा कागद पाहायला मागा. किती पदे मंजूर आहेत, किती भरलेली आहेत, गणिताला आणि विज्ञानाला माणूस आहे की नाही, हे लिहून घ्या आणि येत्या ग्रामसभेत वाचून दाखवा. रिकामे पद भरण्याचा ठराव घ्या आणि तो शिक्षणाधिकाऱ्यांकडे, आमदारांकडे पोहोचता करा. गावात शिक्षकासाठी दोन चांगल्या खोल्या बांधायला वर्गणी काढा, मी माझा वाटा देईन. आपल्या सरांनी हे आपल्यासाठी कोणी न सांगता केले होते. त्यांचे ऋण फेडायचे असेल तर ते आज एकोडीत आठवीत बसलेल्या पोरीकडे फेडा. तिला दहावी गावातच करता आली पाहिजे.