पहिल्या केसपेपरनंतर : मनोविकार, व्यसन आणि विकासात्मक अक्षमता यांच्या सेवांकडे जाणारी वाट

दीर्घ मनोविकार, दारूचे व्यसन आणि मुलाच्या वाढीतील अक्षमता या अडचणी स्वरूपाने वेगळ्या असल्या, तरी त्यांपैकी कोणतीही एक घरात आली की कुटुंबाची धावपळ बहुधा सारख्याच वळणाने जाते. आधी ‘होईल आपोआप बरे’ म्हणून वाट पाहिली जाते, मग देवऋषी किंवा दर्गा होतो, मग उसनवारी करून शहरातल्या मोठ्या डॉक्टरांची एक भेट घेतली जाते, आणि पैसा व सवड दोन्ही संपले की चिठ्ठी कपाटात ठेवून कुटुंब पुन्हा पहिल्याच जागी येते. बंगळुरूच्या निम्हान्स संस्थेने २०१५-१६ मध्ये बारा राज्यांत केलेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात प्रौढांपैकी १०.६ टक्के लोकांना त्या काळात मनोविकार असल्याचे आढळले, आणि विकारपरत्वे ७० ते ९२ टक्के रुग्ण उपचारांच्या बाहेर असल्याचे दिसले. या दरीची चर्चा बहुधा डॉक्टरांच्या कमतरतेपाशी सुरू होते आणि तिथेच संपते. ती कमतरता खरीच आहे. परंतु या तिन्ही प्रश्नांत उपचाराचे यश पहिल्या भेटीपेक्षा त्यानंतरच्या फेऱ्यांवर ठरते, आणि म्हणून घरापासूनचे अंतर हा सोयीचा मुद्दा न राहता उपचाराचाच भाग होतो.

एक घर, तीन खाती

सेवा शोधणाऱ्याला प्रथम समजून घ्यावी लागते ती कारभाराची विभागणी. मानसिक आरोग्यसेवा अधिनियम, २०१७ हा कायदा मे २०१८ पासून लागू झाला असून त्यातील मनोविकाराच्या व्याख्येत दारू आणि अमली पदार्थांच्या सेवनाशी निगडित मानसिक अवस्था येतात, परंतु बौद्धिक अक्षमता, म्हणजे बुद्धीची वाढ अपुरी राहण्याची अवस्था, तीतून स्पष्टपणे वगळलेली आहे. बौद्धिक अक्षमता, स्वमग्नता आणि मेंदूचा पक्षाघात यांचा विचार दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ आणि त्याआधीचा १९९९ चा राष्ट्रीय न्यास अधिनियम यांत होतो. त्यामुळे मनोविकाराचा दवाखाना आरोग्य खात्याकडे येतो, व्यसनमुक्ती केंद्रांचे अनुदान मुख्यतः सामाजिक न्याय मंत्रालयाकडून येते, आणि अक्षमतेच्या योजना महाराष्ट्रात २०२२ मध्ये स्वतंत्र झालेल्या दिव्यांग कल्याण विभागाकडे आहेत. माणसाच्या आयुष्यात मात्र अशी विभागणी नसते. उदासीनतेने ग्रासलेला माणूस दारूकडे वळतो, स्वमग्न मुलीला वयात आल्यावर तीव्र चिंताविकार होतो, आणि अशा मुलीची वर्षानुवर्षे एकटीने देखभाल करणारी आई स्वतःच रुग्ण होते. अशा वेळी एका खात्याच्या खिडकीवरून दुसऱ्या खात्याच्या खिडकीकडे बोट दाखवले जाते आणि मधल्या मध्ये कुटुंबाची फरफट होते.

मनोविकार : तालुक्याच्या दवाखान्यापासून

राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम १९८२ मध्ये सुरू झाला. मोठ्या मनोरुग्णालयांवर विसंबून न राहता साध्या सरकारी दवाखान्यांतच मनोविकारांवर उपचार मिळावेत, ही त्यामागची भूमिका होती. निम्हान्सने कर्नाटकातील बळ्ळारी जिल्ह्यात हा प्रयोग करून पाहिल्यावर १९९६ पासून जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम आकाराला आला. महाराष्ट्रात येरवडा, ठाणे, नागपूर आणि रत्नागिरी येथे चार प्रादेशिक मनोरुग्णालये आहेत, तर गोव्यात बांबोळी येथे मनोविकार व मानवी वर्तन संस्था आहे. परंतु बहुसंख्य रुग्णांना तिथे जाण्याची गरज नसते. जिल्हा रुग्णालयातील, म्हणजे लोकांच्या बोलण्यातल्या ‘सिव्हिल’मधील, मनोविकार विभाग हा त्यांच्यासाठी योग्य टप्पा असतो, आणि या कार्यक्रमाचे पथक ठरलेल्या वारी तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात येत असेल, तर तो त्याहून जवळचा. पथक कोणत्या वारी येते हे आशाताईकडून किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रातून कळू शकते. शिवाय १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झालेल्या ‘टेलि-मानस’ या सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास, मराठीतही, विनामूल्य बोलता येते आणि जवळच्या सेवेची माहिती मिळते.

पहिल्या भेटीत काय होते हे ठाऊक नसल्यामुळे अनेक जण तिला बिचकतात. नोंदणीच्या खिडकीवर इतर कोणत्याही आजारासारखाच केसपेपर निघतो. त्यानंतर झोप, भूक, कामावर जाणे, संशय, कानात आवाज येणे, जीव द्यावासा वाटणे, पूर्वी घरात कोणाला असा त्रास झाला होता का, अशा गोष्टींची विचारपूस होते. गरजेनुसार थायरॉइड आणि बी-१२ जीवनसत्त्व यांची रक्ततपासणी सांगितली जाते, कारण या दोन्हींच्या कमतरतेतून उदासीनतेसारखी लक्षणे उद्भवू शकतात. याच भेटीत पुढच्या गळतीचे बीजही असते. उदासीनतेवरील गोळ्यांचा गुण दिसायला बहुधा दोन ते चार आठवडे, कधी त्याहूनही अधिक काळ लागतो, तर तोंडाला कोरड पडणे, मळमळ, गुंगी हे त्रास पहिल्या काही दिवसांतच जाणवतात. ‘गोळ्यांनी फरक काही नाही, नुसती झोप येते’ हा निष्कर्ष घरात निघतो तो नेमका याच अवधीत. स्किझोफ्रेनियासारख्या, म्हणजे विचार आणि वास्तवाची जाण यांची सांगड सुटण्याच्या, आजारात उलट घडते : रुग्णाला बरे वाटू लागते म्हणून औषध बंद होते आणि काही महिन्यांत आजार उलटतो. दोन्ही ठिकाणी उपाय एकच असतो, तो म्हणजे ठरल्या दिवशी पुन्हा जाणे आणि मात्रा बदलून घेणे. ही फेरी पंधरा किलोमीटरची असेल तर होते, दीडशे किलोमीटरची असेल तर मजुरी बुडते आणि फेरी राहून जाते.

कायद्यानेही हे ओळखले आहे. २०१७ च्या अधिनियमातील कलम १८ प्रमाणे मनोविकार असलेल्या व्यक्तीला सेवेसाठी लांबचा प्रवास करावा लागू नये आणि सेवा तिच्या राहत्या ठिकाणाजवळ उपलब्ध असावी. जिल्ह्यात किमान सरकारी सेवा उपलब्ध नसेल, तर त्याच जिल्ह्यातील अन्य सेवा घेण्याचा हक्क तिला असून त्या उपचाराचा खर्च शासनाने सोसायचा आहे. दारिद्र्यरेषेखालील व्यक्तींना सरकारी वा सरकारी अनुदानावरील संस्थांत उपचार आणि सेवा मोफत मिळण्याची तरतूद आहे. रुग्णाला साखळीने बांधणे सर्वस्वी निषिद्ध आहे. रुग्ण स्वतःचा नामनिर्देशित प्रतिनिधी, म्हणजे आजाराच्या काळात त्याच्या वतीने निर्णयात साहाय्य करणारी व्यक्ती, लेखी नेमू शकतो. रुग्णाची स्वतः निर्णय घेण्याची क्षमता नसताना त्या प्रतिनिधीच्या अर्जावरून दाखल करावे लागले, तर पहिली मुदत तीस दिवसांपर्यंतची असते आणि त्याविरुद्ध मानसिक आरोग्य पुनरावलोकन मंडळाकडे दाद मागता येते.

व्यसन : दारू सुटते तेव्हाचे तीन दिवस

दिल्लीच्या एम्स संस्थेतील राष्ट्रीय व्यसनोपचार केंद्राने २०१९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या देशव्यापी अहवालानुसार दारूवर पूर्णपणे अवलंबून असलेल्या अडतीस जणांपैकी एकालाच कोणत्याही स्वरूपाची मदत मिळाली होती, आणि रुग्णालयात दाखल होऊन उपचार मिळालेल्यांचे प्रमाण एकशे ऐंशीत एक असे होते. या तुटवड्याच्या जागी ‘उद्यापासून बंद’ अशी शपथ आणि जेवणातून गुपचूप दिली जाणारी औषधे शिरतात, आणि हे दोन्ही मार्ग धोक्याचे आहेत. वर्षानुवर्षे रोज पिणाऱ्याने एकाएकी दारू थांबवली की साधारण सहा ते आठ तासांत हात थरथरू लागतात व घाम फुटतो. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी काही रुग्णांना भ्रम होतो, नसलेली माणसे वा किडे दिसतात, ताप चढतो, आणि ही अवस्था जिवावर बेतू शकते. या तीन-चार दिवसांत देखरेखीखाली गुंगीची औषधे आणि बी-१ जीवनसत्त्वाची इंजेक्शने देऊन शरीर सावरले जाते. सिव्हिलमध्ये किंवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात हे होऊ शकते. दुसरीकडे, माणसाच्या नकळत जेवणात कालवलेली गोळी त्याने वरून दारू घेतल्यास रक्तदाब एकदम उतरवू शकते.

शरीरातून दारू उतरणे हा मात्र उपचाराचा आरंभ असतो. पुण्यात १९८६ मध्ये डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी पु. ल. व सुनीता देशपांडे यांच्या पाठबळाने सुरू केलेल्या मुक्तांगण केंद्राने पस्तीस दिवसांच्या निवासी उपचारांची घडी बसवली, तीत समुपदेशन, दिनक्रम आणि गटचर्चा यांना औषधांइतकेच स्थान राहिले, आणि पत्नींसाठी स्वतंत्र गट चालवून व्यसन हा सगळ्या घराचा आजार असल्याचे प्रत्यक्ष व्यवहारात मान्य केले गेले. बाहेर पडल्यावर ‘स्लिप’ होण्याचा, म्हणजे पुन्हा पिण्याचा, धोका पहिल्या काही महिन्यांत सर्वाधिक असतो. म्हणून पाठपुराव्याच्या बैठका आणि अल्कोहोलिक्स अॅनॉनिमसचे गट घराच्या आसपास असणे निर्णायक ठरते. व्यसनमुक्तीसाठी १४४४६ ही राष्ट्रीय मदतवाहिनी आहे. खासगी केंद्र निवडताना ते राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणाकडे नोंदलेले आहे का, मनोविकारतज्ज्ञ तिथे किती वेळा येतात आणि नातेवाइकांना भेटू देतात का, हे तीन प्रश्न आधी विचारलेले बरे, कारण माणसाला नुसते कोंडून ठेवणे याला कायद्याच्या भाषेत उपचार म्हणत नाहीत.

दारूच्या पूर्ण आहारी न गेलेल्या, परंतु घातक प्रमाणात पिणाऱ्या पुरुषांसाठी गोव्यात एक वेगळा प्रयोग झाला. ‘संगथ’ या संस्थेने प्राथमिक आरोग्य केंद्रांत, मानसशास्त्राची पदवी नसलेल्या पण प्रशिक्षण घेतलेल्या स्थानिक समुपदेशकांकरवी एक ते चार बैठकी घेतल्या. २०१७ मध्ये ‘द लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार तीन महिन्यांनी घातक पिण्यातून बाहेर आलेल्यांचे प्रमाण समुपदेशन मिळालेल्यांत ३६ टक्के, तर नेहमीची सेवा मिळालेल्यांत २६ टक्के होते.

मूल : वाट पाहण्याची किंमत

‘याचा बापही उशिराच बोलायला लागला होता’ या दिलाशात मुलाची सर्वांत मोलाची वर्षे निघून जातात. वर्षाचे झाल्यावरही नावाने हाक मारल्यास मूल वळून पाहत नसेल, दीड वर्षाचे होऊनही हवी ती वस्तू बोटाने दाखवत नसेल, किंवा आलेले शब्द गमावत असेल, तर तपासणीसाठी थांबू नये. २०१३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची फिरती पथके अंगणवाडीत आणि सरकारी शाळांत अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी करतात आणि शंका आल्यास मुलाला जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठवतात. या केंद्राच्या रचनेत बालरोगतज्ज्ञ, वाचा व श्रवणतज्ज्ञ, भौतिकोपचारतज्ज्ञ, मानसशास्त्रज्ञ आणि विशेष शिक्षक एका छताखाली असणे अपेक्षित आहे. येथील उपचार गोळ्यांचा नसून सरावाचा असतो, आणि तो मुख्यतः आईवडिलांनी घरी करायचा असल्याने, तज्ज्ञाने दर काही दिवसांनी मूल पाहून पुढचा पाठ देणे अत्यावश्यक असते.

कागदपत्रांचा टप्पा याच्या पाठोपाठ येतो. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमाने एकवीस प्रकारच्या अक्षमता मान्य केल्या असून त्यांत स्वमग्नता, बौद्धिक अक्षमता आणि विशिष्ट अध्ययन अक्षमता यांच्याबरोबर मनोविकारही आहे, ही गोष्ट अनेक रुग्णांच्या घरी पोहोचलेलीच नसते. निव्वळ व्यसन मात्र या यादीत नाही. ‘स्वावलंबन’ या ऑनलाइन व्यवस्थेत अर्ज केल्यावर सरकारी रुग्णालयात तपासणी होते आणि वैश्विक ओळखपत्र मिळते, ज्यावर चाळीस ते ऐंशी टक्क्यांच्या दरम्यान पिवळी आणि त्यापुढे निळी पट्टी असते. बहुतेक लाभांना किमान चाळीस टक्के अक्षमता लागते. राष्ट्रीय न्यासाच्या ‘निरामय’ योजनेत स्वमग्नता, मेंदूचा पक्षाघात, बौद्धिक आणि बहुविध अक्षमता असलेल्यांना एक लाख रुपयांपर्यंत आरोग्यविमा मिळतो. अपत्याने अठरा वर्षे ओलांडली की ‘आमच्या पश्चात याचे कसे’ हा प्रश्न कायद्याचाही होतो, आणि पालकत्वाचा अर्ज जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील स्थानिक स्तर समितीकडे करता येतो.

मोजायचे काय

घराजवळ सेवा आणल्याने लोक खरोखर येतात का, याचे उत्तर अमरावती जिल्ह्यात मिळाले. तेथील तीस गावांत ‘विश्राम’ या उपक्रमात गावातल्याच कार्यकर्त्यांनी उदासीनतेबद्दल घरोघरी बोलणे, धीर देणे आणि गरज असल्यास डॉक्टरांशी गाठ घालून देणे असे काम केले, आणि उदासीनता असूनही मदत घेणाऱ्यांचे प्रमाण ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेले. हा बदल शक्य झाला, कारण तज्ज्ञ आणि घर यांच्यामधली जागा कोणीतरी भरून काढली.

तरीही सरकारी कार्यक्रमांचे यश आजही किती शिबिरे झाली आणि किती नवे केसपेपर निघाले, यावर मोजले जाते. त्याऐवजी सहा महिन्यांपूर्वी औषध सुरू झालेल्यांपैकी आज किती जण ते घेत आहेत, केंद्रातून घरी गेलेल्यांपैकी किती जण तिसऱ्या महिन्यात बैठकीला आले, आणि संशय नोंदवलेल्या बालकांपैकी किती जणांचे उपचार सुरू राहिले, हे आकडे विचारले गेले पाहिजेत. सरकारी रुग्णालयांत रुग्ण कल्याण समिती असते आणि गावाला ग्रामसभा असते. तिथे पुढच्या महिन्याच्या गोळ्या तालुक्यातच मिळतील का, हा प्रश्न नोंदवून घेण्याने रुग्णांच्या कुटुंबांचे जितके काम होईल, तितके जनजागृतीच्या कोणत्याही दिनाने होणार नाही.