मुक्तस्रोत संगणकप्रणाली आणि छायाचित्रांची डागडुजी

दिल्लीच्या उत्तरेकडील टेकडीवर ‘हिंदूराव’ या नावाचे रुग्णालय आहे. हे नाव एका मराठी सरदाराचे होय. विल्यम फ्रेझर या इंग्रज अधिकाऱ्याचा १८३५ मध्ये खून झाल्यानंतर त्याचा येथील वाडा ग्वाल्हेरच्या बायजाबाई शिंदे यांचे बंधू हिंदूराव घाटगे यांनी विकत घेतला. १८५७ च्या वेढ्यात इंग्रजी फौजेने या वाड्यात ठाणे दिले आणि त्यावर तोफांचा भडिमार झाला. पुढील वर्षी फेलिचे बेआतो या छायाचित्रकाराने त्या वास्तूचे छायाचित्र घेतले.

अशा एखाद्या जुन्या छायाचित्राची प्रत एका शाळेच्या ग्रंथालयात आहे असे समजू. कागद पिवळा पडला आहे, त्यावर ओरखडे उठले आहेत. ती संगणकावर सुधारावयाची आहे. परंतु तेथील संगणक लिनक्सवर चालतो आणि फोटोशॉप ही सुप्रसिद्ध आज्ञावली लिनक्ससाठी बनविलेलीच नाही. असे का व्हावे?

कोणतीही आज्ञावली संगणकाच्या यंत्राशी सहसा थेट बोलत नाही. फाइल उघडणे, पडद्यावर चित्र उमटविणे या कामांसाठी ती कार्यप्रणालीकडे मागणी करते. प्रत्येक कार्यप्रणालीची मागणी करण्याची रीत निराळी असते. म्हणून विंडोजसाठी रचलेली आज्ञावली लिनक्सवर जशीच्या तशी चालत नाही. ‘वाइन’ नावाची आज्ञावली या दोहोंमध्ये दुभाष्याचे काम करते; तथापि तिच्या साह्याने प्रत्येक कार्यक्रम सुरळीत चालतोच असे नाही.

यापेक्षा सरळ मार्ग म्हणजे लिनक्ससाठीच रचलेली साधने वापरणे. स्पेन्सर किंबॉल व पीटर मॅटिस या दोन विद्यार्थ्यांनी बर्कली येथील विद्यापीठात १९९५ मध्ये ‘गिंप’ची रचना आरंभिली. तिची मूळ आज्ञावली सर्वांस खुली असल्यामुळे जगभरच्या जाणकारांनी तिच्यात भर घातली; २०२५ मध्ये तिची तिसरी मोठी आवृत्ती निघाली. कॅमेऱ्यातील कच्च्या चित्रांवर संस्कार करण्यासाठी ‘डार्कटेबल’, रेखाटन व रंगकामासाठी ‘क्रिटा’, तर चित्रसंग्रह लावून ठेवण्यासाठी ‘डिजिकॅम’ आहे. भारतातही सी-डॅक या संस्थेने ‘बॉस’ ही लिनक्सवर आधारलेली कार्यप्रणाली तयार केली आहे. ही सर्व साधने विनामूल्य मिळतात. साधन निवडताना प्रथम काम ठरवावे आणि मग कार्यप्रणालीच्या स्वतःच्या भांडारातून ते घ्यावे; अनोळखी ठिकाणाहून घेऊ नये.

आता डागडुजी कशी होते ते पाहू. संगणकाच्या दृष्टीने चित्र म्हणजे बारीक ठिपक्यांची जाळी होय. सामान्यतः प्रत्येक ठिपक्यास तांबडा, हिरवा व निळा या रंगांचे प्रत्येकी ० ते २५५ पर्यंतचे एक मूल्य असते. पिवळेपणा घालविणे म्हणजे या तीन मूल्यांचा समतोल बदलणे. ओरखडा बुजविणे म्हणजे शेजारच्या निर्दोष भागातील ठिपक्यांच्या आधारे तेथील मूल्ये नव्याने भरणे.

येथेच सावध राहिले पाहिजे. चित्रातील भिंतीवरचा काळा डाग हा कागदावरील दोष आहे की तोफगोळ्याची खूण, हे आज्ञावलीस कळत नाही. तिच्या लेखी दोन्ही केवळ संख्याच. खूण पुसली गेली, तर इतिहासाचा एक पुरावाच नाहीसा होतो. म्हणून मूळ चित्राची फाइल जशीच्या तशी जतन करावी. सर्व फेरफार निराळ्या थरावर करावेत आणि काय बदलले याची नोंद ठेवावी. प्रत्येक वेळी जतन करताना जेपेग प्रकारात चित्राचा काही तपशील गळतो. म्हणून कायमच्या संग्रहासाठी टिफ प्रकार अधिक चांगला.

साधन विनामूल्य लाभले तरी विवेक मात्र वापरणाऱ्यालाच आणावा लागतो. ठिपके कसे बदलावेत हे यंत्र जाणते. कोणते बदलू नयेत, हे माणसानेच ठरवावयाचे असते.