स्वच्छमंडलशोथ व श्वेत कोशिका

नेत्रगोलाच्या पुढील पारदर्शक, घुमटाकार भागास स्वच्छमंडल म्हणतात. मध्यभागी त्याची जाडी सु. ०·५ मिमी. असून तीपैकी सु. ९०% भाग कोलॅजन तंतूंच्या नियमित थरांचा असतो. तंतूंची ही मांडणी व रक्तवाहिन्यांचा अभाव यांमुळे प्रकाश विनाअडथळा आत जातो. परंतु रक्तवाहिन्या नसल्यामुळेच जंतुसंक्रामण झाल्यास श्वेत कोशिकांना (पांढऱ्या पेशींना) कडेकडून यावे लागते.

निरोगी स्वच्छमंडलात, मुख्यत्वे कडेला, थोड्या संरक्षक कोशिका असतात. त्या व इजा झालेल्या पृष्ठकोशिका रासायनिक संकेत सोडतात. त्यामुळे कडेच्या केशवाहिन्या विस्फारून डोळा लाल होतो व त्यांच्या भित्तींतून श्वेत कोशिका बाहेर पडतात. काही तासांतच न्यूट्रोफिल कोशिका येतात. महाभक्षी व लसीका कोशिका मागाहून येतात. पुवातील कोशिका जागच्या ऊतकातच उत्पन्न होतात, असे रूडोल्फ फिरखो मानीत. यूलियुस कोनहाइम यांनी १८६७ मध्ये बेडकाच्या शरीरात निळा रंग टोचून स्वच्छमंडल क्षोभित केले, तेव्हा तेथे रंगयुक्त कोशिका आढळल्या व त्या रक्तातून येतात हे स्पष्ट झाले.

न्यूट्रोफिल जंतूंचे भक्षण करतात. पण त्यांनी सोडलेली एंझाइमे कोलॅजनही विरघळवितात. परिणामी व्रण खोल होतो व प्रसंगी छिद्र पडते. परितारिकेच्या वाहिन्यांतून आलेल्या श्वेत कोशिका स्वच्छमंडलामागे तळाशी साचल्यास पुवाची आडवी पांढरट रेषा दिसते. व्रण भरताना तंतू अनियमित जुळून अपारदर्शक वण राहतो. त्यास ‘फूल पडणे’ म्हणतात. म्हणजे जंतू नष्ट झाले, तरी दृष्टी जाऊ शकते.

म्हणून उपचारांत जंतुनाश व शोथाचे नियंत्रण या दोन्हींचा मेळ घालावा लागतो. स्टेरॉइड औषधे श्वेत कोशिकांचे आगमन कमी करतात. परंतु त्यामुळे संरक्षणही दुबळे होते. पिकाचे पाते वा धसकट लागून झालेल्या कवकजन्य व्रणात, तसेच हर्पिस व्हायरसजन्य पृष्ठव्रणात ती घातक ठरू शकतात. यास्तव व्रण खरवडून सूक्ष्मदर्शकीय तपासणी करणे महत्त्वाचे असते. तज्ञाच्या सल्ल्याविना असे थेंब वापरू नयेत.

दीर्घकालीन शोथात कडेकडून नव्या रक्तवाहिन्या आत वाढतात. अशा डोळ्यात स्वच्छमंडलाचे प्रतिरोपण केल्यास लसीका कोशिका त्यापर्यंत सहज पोहोचतात व ते अस्वीकृत होण्याचा धोका वाढतो.